बोव्हेचा मिस्साग्रंथ: पाने सुटी करून विकलेल्या हस्तलिखिताच्या डिजिटल जुळणीचे परीक्षण

सुमारे १२८५ साली उत्तर फ्रान्समध्ये चर्मपत्रावर लिहिला गेलेला, त्यानंतर साडेसहाशे वर्षे एकसंध राहिलेला आणि १९४२ पासून अमेरिकेत एकेक पान सुटे करून विकला गेलेला एक लॅटिन मिस्साग्रंथ (मिस्सा या कॅथलिक ख्रिस्ती उपासनाविधीचे पुस्तक) अभ्यासकांमध्ये ‘बोव्हे मिसल’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या ३०९ पानांपैकी शंभराहून अधिक पानांचा ठावठिकाणा आतापर्यंत लागला असून, त्यांची छायाचित्रे मूळ क्रमाने लावून दाखवणारी जुळणी ‘फ्रॅगमेंटेरियम’ या, स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर विद्यापीठातून चालणाऱ्या, संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. अमेरिकेच्या मध्ययुगीन अभ्यास अकादमीच्या कार्यकारी संचालक लिसा फॅगिन डेव्हिस यांनी अनेक वर्षे चिकाटीने केलेल्या शोधातून ही जुळणी उभी राहिली आहे. विद्वत्तेच्या दृष्टीने तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु हस्तलिखितांविषयी कुतूहल असलेल्या, लॅटिनचे जुजबी ज्ञान असलेल्या किंवा अजिबात नसलेल्या वाचकाच्या हाती तिच्यातून काय लागते, आणि या ग्रंथाच्या मालकीचा विलक्षण इतिहास तिच्यातून कितपत उलगडतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

या डिजिटल सेवेचे महत्त्व कळण्यासाठी मिस्साग्रंथाची रचना थोडी माहीत असावी लागते. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला लागणाऱ्या प्रार्थना पूर्वी एका पुस्तकात, गायकांची पदे दुसऱ्या पुस्तकात आणि बायबलमधील वाचने तिसऱ्या पुस्तकात असत. तेराव्या शतकापर्यंत हे सर्व एकाच ग्रंथात, ज्या दिवशी जे लागते त्या दिवसाखाली, एकत्र लिहिण्याची पद्धत पश्चिम युरोपात रूढ झाली होती. अशा ग्रंथात नाताळापूर्वीच्या आगमनकाळापासून सुरू होणारे उपासनावर्ष आधी येते, मग संतांचे सण तारखेच्या क्रमाने येतात, त्यानंतर स्वतंत्र मिस्सा नसलेल्या संतांसाठीच्या सामाईक प्रार्थना आणि शेवटच्या भागात मृतांसाठी किंवा विशेष हेतूंसाठी अर्पण करायच्या मिस्सा येतात. प्रत्येक दिवसाच्या मिस्सेत प्रवेशगीत, प्रार्थना, पत्रवाचन, शुभवर्तमान, अर्पणगीत वगैरे घटक ठरलेल्या क्रमाने असतात आणि त्यांच्यामधील सूचना लाल शाईने लिहिलेल्या असतात. म्हणजेच हा ग्रंथ आतून इतका शिस्तबद्ध असतो की, त्याचे एखादे पान वाऱ्यावर उडून दूर जाऊन पडले तरी त्यावरील अर्धवट प्रार्थना ओळखून ते मूळ ग्रंथात कोठे होते हे जाणकाराला बहुतेक वेळा सांगता येते. कथा-कवितांचे किंवा पत्रांचे हस्तलिखित अशा रीतीने फाडले गेले असते, तर त्याची जुळणी कितीतरी अधिक अवघड झाली असती.

ज्या कॅथीड्रलमुळे ग्रंथाला हे नाव मिळाले ते उत्तर फ्रान्समधील बोव्हे शहराचे कॅथीड्रल हे स्वतःच अपुरेपणाचे स्मारक आहे. १२२५ साली सुरू झालेल्या या वास्तूच्या गायनमंडपाचे छत सुमारे ४८ मीटर उंचीवर नेण्यात आले, ते पूर्ण झाल्यावर काही वर्षांतच, १२८४ साली, त्याचा काही भाग कोसळला, आणि मुख्य सभागृह तर कधी बांधलेच गेले नाही. सोळाव्या शतकात उभारलेला १५३ मीटर उंचीचा मनोरा १५७३ साली खाली आला. आपला मिस्साग्रंथ त्या पहिल्या पडझडीच्या आसपासच्याच काळातला आहे. ग्रंथाची पाने मोठी, सुमारे २९ सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद असून मजकूर दोन स्तंभांत, ठसठशीत गॉथिक अक्षरांत आहे. निळ्या आणि गुलाबी रंगांत रंगवलेली, सोन्याचा मुलामा दिलेली आद्याक्षरे आणि त्यांतून निघून समासात वर-खाली पसरणाऱ्या, टोकांना पाने फुटलेल्या पट्ट्या हे त्याचे ओळखचिन्ह होय. एकदा पाहिल्यावर ही सजावट विसरता येत नाही, आणि पुढे याच गोष्टीने ग्रंथाचा घातही केला आणि शोधही शक्य केला.

त्याच्या मालकीच्या साखळीतला पहिला ठळक माणूस म्हणजे बोव्हेचा कॅनन, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरू-मंडळाचा सदस्य, रोबेर द आंजेस्त. ३ नोव्हेंबर १३५६ रोजी तो मरण पावला आणि हा ग्रंथ त्याने कॅथीड्रलला दिला होता, ही माहिती ग्रंथातच लिहिलेल्या दाननोंदीमुळे मिळते. मध्ययुगात असे दान हा बहुधा एक करार असे: देणाऱ्याने वस्तू द्यायची आणि घेणाऱ्या संस्थेने त्याच्या पुण्यतिथीला त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करायची. त्यामुळे मिस्साग्रंथ दान देण्यात एक वेगळेच औचित्य होते, कारण ज्या पुस्तकातून दात्यासाठी प्रार्थना व्हायची तेच पुस्तक त्याने दिलेले असे. येथे सांगून ठेवले पाहिजे की ही दाननोंद आज आपल्याला माहीत आहे ती १९२६ सालच्या लिलावाच्या सूचीत ग्रंथाचे वर्णन करताना ती उतरवून घेतली गेली म्हणून. ग्रंथ सुटा करणाऱ्यांना सोनेरी आद्याक्षरांची पाने हवी होती. मालकीचा पुरावा देणाऱ्या ओळी, बांधणी, कोरी पाने आणि पानांच्या जुड्यांची मूळ रचना यांना बाजारात गिऱ्हाईक नव्हते. ग्रंथ फोडला की सर्वांत आधी नष्ट होतो तो त्याचा मालकी-इतिहासच.

एकोणिसाव्या शतकात हा ग्रंथ फ्रान्समधील ल्यों शहरात संग्राहकांच्या हाती दिसतो. दिदिए पेती द मरव्हिल आणि त्यानंतर ऑगस्त ब्रोलमान ही त्यांतली दोन नावे. ब्रोलमान घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि मे १९२६ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात त्या घराण्याच्या संग्रहाबरोबर विकला गेला. तेथून तो अमेरिकन वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्याकडे पोहोचला.

हर्स्ट यांच्या संग्रहाची हाव आणि तिचा शेवट या दोन्ही गोष्टी सर्वश्रुत आहेत. चिलखतांपासून अख्ख्या मठांच्या दगडांपर्यंत त्यांनी काय विकत घेतले नाही हे सांगणे सोपे. आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा आर्थिक डोलारा डळमळला तेव्हा हे सर्व विकायला काढावे लागले. १९४१ साली त्यांच्या संग्रहाची विक्री न्यूयॉर्कमधील गिंबेल्स या बहुविभागी दुकानात मांडली गेली, जिथे एरवी कपडे आणि घरगुती सामान विकले जाई. १९४२ साली हा मिस्साग्रंथ न्यूयॉर्कचे पुस्तकविक्रेते फिलिप डुशनेस यांनी घेतला आणि त्याची पाने सुटी करून विकायला सुरुवात केली. उरलेल्या पानांचा मोठा भाग क्लीव्हलँडच्या ऑटो एगी यांनी घेतला.

एगी (१८८८–१९५१) यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आज जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या शेकडो मध्ययुगीन पानांमागे हा एकच माणूस उभा आहे. ते क्लीव्हलँडच्या कला महाविद्यालयात अधिष्ठाता होते, अक्षरकलेचे शिक्षक होते आणि १९३८ सालच्या एका लेखात त्यांनी आपण ग्रंथभंजक असल्याचे जाहीरपणे, किंबहुना अभिमानाने, सांगितले होते. त्यांचा युक्तिवाद असा की, एखादे संपूर्ण हस्तलिखित एका श्रीमंताच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा त्याची पाने अनेक शाळा, छोटी ग्रंथालये आणि सामान्य कलाप्रेमी यांच्यापर्यंत पोहोचलेली बरी. त्यांनी पन्नास वेगवेगळ्या हस्तलिखितांचे एकेक पान असलेल्या ४० पेट्या योजल्या, ज्यांची विक्री त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने केली. या पेट्यांतले पंधराव्या क्रमांकाचे पान बोव्हेच्या मिस्साग्रंथाचे आहे. ओहायोतील डेनिसन विद्यापीठापासून कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठापर्यंत या पेट्या पोहोचल्या.

एगींचा युक्तिवाद सरसकट फेटाळणे मला अवघड जाते. ज्या छोट्या गावातल्या वाचकाला आयुष्यात कधी मध्ययुगीन चर्मपत्र पाहायला मिळाले नसते, त्याला एगींच्या पेटीमुळे ते हाताच्या अंतरावरून पाहता आले, हे खरेच आहे. मात्र या युक्तिवादात एक मोठी खोट आहे. मिस्साग्रंथाचे सुटे पान हा मिस्साग्रंथाचा नमुना नसतोच. त्यावर शुभवर्तमानाचा शेवटचा तुकडा, एक अर्पणगीत आणि पुढच्या प्रार्थनेचे पहिले तीन-चार शब्द असतात, आणि तो तुकडा चौकटीत बसवून भिंतीवर लावला की पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते ती केवळ सजावट. उपासनेचे पुस्तक म्हणून त्याचे जे काम होते, म्हणजे धर्मगुरूला एका घटकाकडून पुढच्या घटकाकडे न अडखळता नेणे, ते कात्री लागताक्षणी संपते. शिवाय व्यापाराचे गणित साधे होते: पानांच्या किमतींची बेरीज अखंड ग्रंथाच्या किमतीहून कितीतरी अधिक भरत असे. या साखळीच्या विसाव्या शतकातल्या दुव्यांत चोरीची नोंद नाही हेही लक्षात ठेवावे. ज्या नोंदी आपल्यापुढे आहेत त्यांत विसाव्या शतकातील प्रत्येक मालक आपल्या कायदेशीर मालमत्तेचे काय करायचे हे ठरवत होता, आणि त्या अधिकारानेच ग्रंथ संपवला.

आता सेवेकडे वळू. फ्रॅगमेंटेरियम २०१७ साली सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील अखंड हस्तलिखितांची उत्कृष्ट छायाचित्रे देणाऱ्या ‘ई-कोडिसेस’ या प्रकल्पाचे संचालक क्रिस्टोफ फ्ल्यूलर यांच्याच पुढाकाराने हे दुसरे स्थळ उभे राहिले आणि त्याचा विषय जाणीवपूर्वक मर्यादित ठेवण्यात आला: फक्त तुकडे. बांधणीत अस्तर म्हणून वापरलेल्या पट्ट्या, कापलेली आद्याक्षरे, सुटी पाने, असे जे इतर ग्रंथालयांच्या सूचींमध्ये शेवटच्या पानावर, पुष्कळदा एका ओळीत उरकले जाते, त्याला येथे स्वतंत्र नोंद मिळते. बोव्हेच्या जुळणीला याहून योग्य घर मिळाले नसते.

जुळणी उघडल्यावर जाणवणारी पहिली गोष्ट म्हणजे पानांचा क्रम मालकांनुसार नसून मजकुरानुसार आहे. एखाद्या विद्यापीठाकडे दोन पाने असतील आणि ती उपासनावर्षाच्या दोन टोकांची असतील, तर ती जुळणीतही दोन टोकांना दिसतात, आणि त्यांच्या शेजारी भलत्याच संस्थांकडची पाने येतात. हे कागदावर वाचताना क्षुल्लक वाटते, पण याचा परिणाम मोठा आहे. पुस्तक उघडे ठेवले की डावीकडे आधीच्या पानाची मागची बाजू आणि उजवीकडे पुढच्या पानाची पुढची बाजू दिसते. धर्मगुरूच्या डोळ्यांसमोर नेहमी असायचे ते हे जोडपृष्ठ. सुट्या पानाच्या मालकाला त्याची पुढची आणि मागची बाजू दिसते, पण हे जोडपृष्ठ कधीच दिसत नाही, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्याच कोणाच्या मालकीचा असतो. जुळणीत जेथे सलग दोन पाने सापडली आहेत, तेथे डावीकडच्या स्तंभात तुटलेले वाक्य उजवीकडे पूर्ण होते. १९४२ नंतर हे वाक्य सलग वाचणे कोणाला शक्य नव्हते. या सेवेतला सर्वांत समाधान देणारा भाग माझ्या मते हाच आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने निदान असे एक जोडपृष्ठ शोधून पाहावे.

छायाचित्रे मोठी करून पाहण्याची सोय उत्तम आहे. आयआयआयएफ या सामायिक तांत्रिक मानकामुळे वेगवेगळ्या ग्रंथालयांनी आपापल्या ठिकाणी ठेवलेली चित्रे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी मांडता येतात. हे मानक नसते तर प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र परवानगी आणि स्वतंत्र प्रती मागत बसावे लागले असते, आणि विखुरलेला ग्रंथ जुळवण्याचा प्रकल्प पत्रव्यवहारातच अडकला असता. सोन्याचा मुलामा कोठे उडाला आहे, चर्मपत्राची केसांकडची बाजू कोणती आणि मांसाकडची कोणती, मागच्या बाजूच्या पट्टीचा रंग पुढे कसा किंचित उमटला आहे, हे सर्व चांगल्या छायाचित्रांत दिसते.

‘चांगल्या छायाचित्रांत’ असे म्हटले, कारण सर्व छायाचित्रे सारखी नाहीत, आणि तशी असणे शक्यही नाही. मोठ्या संग्रहालयाने व्यावसायिक प्रकाशयोजनेत घेतलेले चित्र आणि खासगी संग्राहकाकडून किंवा लिलावाच्या सूचीतून आलेले चित्र यांत रंगांचा मोठा फरक पडतो. एकाच चित्रकाराने एकाच निळ्या रंगाने भरलेली दोन आद्याक्षरे एका ठिकाणी गडद आणि दुसऱ्या ठिकाणी फिकट दिसतात. हे न जाणणारा वाचक त्यावरून चित्रकार वेगळा असावा असा चुकीचा निष्कर्ष काढू शकेल. या सेवेत शिरताना अशा वाचकाला चार ओळींची ठळक सूचना मिळाली असती तर बरे झाले असते. पडद्यावर प्रत्येक पान चौकटीत बसेल एवढे होते, त्यामुळे आकाराचे भानही सुटते. वेदीवर ठेवून उभ्याने वाचण्यासाठी केलेला हा ग्रंथ आहे, हातात धरून वाचायची प्रार्थनापुस्तिका नव्हे, हे डोळ्यांना आपोआप कळत नाही. ३०९ पानांची जाडी तर कोणत्याच पडद्यावर दाखवता येत नाही.

यापेक्षा गंभीर उणीव मजकुराच्या बाबतीत आहे. वर्णनात्मक नोंदी इंग्रजीत आहेत आणि पानावर कोणता मजकूर आहे हे जाणकाराला पुरेल अशा रीतीने सांगितलेले आहे. परंतु लॅटिन न येणाऱ्या वाचकाला प्रत्येक पानाचे लिप्यंतर आणि भाषांतर हाताला धरून वाचून दाखवणारी ही सेवा नाही. अबर्डीन विद्यापीठाने २००३ साली सेंट ऑल्बन्सच्या स्तोत्रग्रंथासाठी केलेले संकेतस्थळ या बाबतीत आजही आदर्श आहे. तेथे पानाच्या छायाचित्राबरोबर त्याचे लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि भाष्य मिळते, आणि बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तयार झालेला तो ग्रंथ जर्मनीतील लाम्सश्प्रिंग येथील निर्वासित इंग्रज बेनेडिक्टाइन मठामार्गे हिल्डेसहाइमला कसा पोहोचला, याची हकिकतही सलग वाचता येते. ते स्थळ दिसायला जुनाट झाले आहे, चित्रेही आजच्या मापाने लहान आहेत. तरीही सामान्य वाचक तेथे तासभर रमतो आणि काहीतरी समजून बाहेर पडतो. बोव्हेच्या जुळणीत तो दहा मिनिटे सोने पाहतो आणि निघतो, अशी मला भीती वाटते. तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य. स्तोत्रग्रंथ जवळजवळ अखंड आहे (त्याचे एक पान कोलोनच्या श्न्यूटगेन संग्रहालयात आहे), त्यामुळे त्या प्रकल्पाला शोधाशोध करावी लागली नाही आणि सारी शक्ती स्पष्टीकरणावर खर्च करता आली. तरीही एखाद्या सणाची संपूर्ण मिस्सा, जिची पाने सलग मिळाली आहेत, भाषांतरासह दिली गेली तर या जुळणीचा वाचकवर्ग कितीतरी पटींनी वाढेल.

मालकीच्या इतिहासाच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. प्रत्येक पान आज कोठे आहे हे नोंदवण्यात जुळणी अत्यंत काटेकोर आहे, आणि ही माहिती एकत्र पाहताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते: एका कॅथीड्रलच्या एका वेदीसाठी केलेल्या या ग्रंथाला आज कित्येक मालक आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या संख्येचा संबंध एगींच्या पेट्यांशी आहे. परंतु आंजेस्त, ल्योंचे संग्राहक, हर्स्ट, डुशनेस आणि एगी ही माणसे येथे नोंदींच्या रूपात येतात, कथनाच्या रूपात नव्हे. डेव्हिस यांनी अन्यत्र लिहिलेल्या लेखांतून ही कहाणी अतिशय वाचनीय रीतीने सांगितली आहे. तीच जुळणीच्या दारात ठेवायला काय हरकत होती? मालकी-इतिहास हा सहसा सूचीच्या तळाशी, बारीक अक्षरांत येणारा तपशील असतो. या ग्रंथाच्या बाबतीत मात्र पाने या क्रमाने का दिसतात, मध्ये एवढ्या मोकळ्या जागा का आहेत आणि रंग का जुळत नाहीत, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मालकी-इतिहासातच आहे.

जे मिळालेले नाही ते मिळालेले नाही असेच राहू द्यायचे, ही जुळणीची भूमिका मला सर्वांत प्रामाणिक वाटली. अशा प्रकल्पांत मोह असतो तो पोकळी भरून काढण्याचा: हरवलेल्या पानाचा मजकूर त्याच परंपरेच्या दुसऱ्या ग्रंथावरून घालायचा, सजावटीची कल्पना करायची आणि एक गुळगुळीत ‘पुनर्निर्मित’ पुस्तक सादर करायचे. मिस्साग्रंथाच्या बाबतीत मजकूर भरणे फारसे कठीण नाही, कारण प्रार्थना बहुतांशी ठरलेल्या आहेत. पण बोव्हेच्या उपासनेची स्वतःची काही वळणे होती, आणि स्थानिक संतांच्या सणांत किंवा गायनाच्या निवडीत ती नेमकी कोठे दिसली असती हे हरवलेल्या पानांवरच लिहिलेले होते. म्हणून पोकळी ही पोकळी म्हणूनच दाखवणे हा योग्य निर्णय होय.

जुळणीचा एक परिणाम मात्र दुधारी आहे. एकेकाळी ‘फ्रान्स, तेरावे शतक’ एवढ्याच ओळखीवर विकले जाणारे पान आता ‘बोव्हे मिसल’ म्हणून, नावानिशी आणि इतिहासानिशी, बाजारात येते, आणि नाव असलेल्या वस्तूला किंमत अधिक येणे स्वाभाविक आहे. ग्रंथभंजनाविरुद्ध उभे राहिलेले संशोधन सुट्या पानांच्या व्यापाऱ्यांच्या वर्णनपत्रकांत उपयोगी पडावे, हा कडवट विनोद आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. २०२२ साली अमेरिकेतील मेन राज्यात एका घरातील सामानाच्या विक्रीत एका तरुणाने चौकटीतले एक पान ७५ डॉलरना घेतले. महाविद्यालयात असताना त्याने याच ग्रंथाचे दुसरे पान पाहिले होते, त्यामुळे त्याला शंका आली, त्याने आपल्या जुन्या प्राध्यापकांना विचारले आणि ते पान बोव्हेच्या ग्रंथाचे ठरले. वृत्तपत्रांनी त्याची किंमत काही हजार डॉलर असल्याचे मोठ्या अक्षरांत छापले. ग्रंथ ओळखीचा झालेला नसता तर ते पान आणखी पन्नास वर्षे कोणाच्या तरी भिंतीवर शोभेची वस्तू म्हणून लटकत राहिले असते. एगींचा स्वतःजवळ राहिलेला संग्रह २०१५ साली येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाने घेतला, त्यामुळे त्या बाजूने पुढची फाटाफूट थांबली आहे; उरलेली पाने आता बहुधा अशाच घरांतून, वारसांच्या विक्रींतून आणि छोट्या लिलावांतून एकेक करून पुढे येतील.

त्या दृष्टीने सेवेकडून एक अपेक्षा व्यक्त करावीशी वाटते. ज्याच्याकडे पान आहे पण ज्याला स्वतःचे नाव जाहीर करायचे नाही अशा खासगी मालकाला, फक्त दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि मापे देऊन, जुळणीत सहभागी कसे होता येईल हे सोप्या भाषेत, पहिल्याच पडद्यावर सांगितलेले असावे. छायाचित्र काढताना काचेची चौकट काढावी, शेजारी मोजपट्टी ठेवावी, पानाच्या चारही कडा दिसाव्यात, मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या फेकून देऊ नयेत, एवढ्या चार-पाच सूचना पुरेशा आहेत. चिठ्ठ्यांवर विक्रेत्याने पेन्सिलीने लिहिलेले आकडे असतात, आणि १९४२ नंतरची मालकीची साखळी जोडायला तेवढेच धागे उरले आहेत.

जुळणी पहिल्यांदा पाहणाऱ्याने सुरुवातीपासून क्रमाने जाण्याचा आग्रह धरू नये, कारण मोकळ्या जागा लवकर कंटाळा आणतात. आधी सलग मिळालेल्या पानांचा एखादा गट शोधावा, लाल अक्षरांतील सूचनांवरून मिस्सेचा कोणता घटक कोठे सुरू होतो ते ओळखावे, मग त्या पानांचे आजचे मालक कोण आहेत ते पाहावे. लॅटिन अवगत असणाऱ्यांनी लेखनिकाच्या संक्षेपांची थोडी तयारी ठेवावी. ज्यांना ती अवगत नाही त्यांनी ठरलेल्या प्रार्थनांची भाषांतरे छापील मिस्साग्रंथांतून शेजारी घेऊन बसावे. अभ्यासकासाठी ही सेवा आज अपरिहार्य आहे, सामान्य वाचकासाठी ती अजून अर्धीच तयार आहे.